आधी भांडण, मग प्लग

मालनआक्का सकाळी सकाळी आमच्या दारात येऊन माझ्यावर तोंड सोडायला लागल्या की माझी बायको मुळीच घाबरायची नाही. "आज ट्रकचे प्लग काढायचे दिसतायत," असं म्हणून ती चहाचं आधण वाढवायची. भांडण उरकलं की आक्का चहा घेऊनच जात.

भोरमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी कोर्टात कारकून, म्हणजे दिवसभर लोकांची भांडणं लिहून घेणारा माणूस. घरी तरी दोन घटका शांतता मिळावी एवढीच अपेक्षा, तर शेजारी ह्या. अंगणही दोन्ही घरांत मिळून एकच, आणि त्यात आमचं सगळं ऊन अडवून उभा असलेला त्यांचा ट्रक. मीही काही शांत स्वभावाचा नाही. त्या ट्रकवरून मी त्यांच्याशी इतकं भांडलोय की तेवढ्या वेळात वकील झालो असतो.

ट्रक होता मिलिटरीने मोडीत काढलेला, पेट्रोलचा. आक्कांचे मालक शंकरराव पुण्याला जाऊन लिलावात घेऊन आले, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने त्यांना वेड्यात काढलं होतं. जग डिझेलवर चाललंय आणि हा पांढरा हत्ती कशाला? पण आक्कांचं माहेर पासलीचं. पावसाळ्यात वेल्ह्याच्या पुढे जे काही असे त्याला रस्ता म्हणणं ही सरकारची थट्टा होती. दुसऱ्या गाड्या वेल्ह्याच्या स्टँडवरच हात टेकायच्या. हा ट्रक मात्र पुढच्या चाकांनीसुद्धा ओढ घेणारा, चिखल चारीकडे उडवत वर जायचा. भाताची पोती खाली आणायची, कौलं आणि खत वर न्यायचं, लग्नसराईत वऱ्हाडं न्यायची, यावर त्यांचं घर चालत होतं.

शंकरराव गेले, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की आता ट्रक विकणार. आक्कांनी ट्रक विकला नाही. गणपत नावाचा ड्रायव्हर ठेवला आणि गाडीचं बाकी सगळं स्वतःच्या हातात घेतलं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "चालवाय माणसं मिळत्यात," त्या म्हणायच्या, "राखाय मिळत न्हाईत."

आता प्लगचं सांगतो, कारण आक्का समजायच्या तर प्लग समजले पाहिजेत. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला वरून आट्यांवर फिरवून घट्ट बसवलेले प्लग असतात. डिझेलच्या गाडीला ही भानगड नाही. त्या काळी पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ सर्रास चालायची, त्यामुळे प्लग काजळी धरायचे, ठिणगी पडायची नाही आणि ट्रक उचक्या देत चालायचा. मग प्लग काढून साफ करा, नाहीतर बदला. आक्कांच्या ट्रकला ते सहा होते. पाच निमूट निघायचे. केबिनला चिकटून अगदी आत असलेला सहावा मात्र हटून बसायचा. वेल्ह्याच्या पावसाचं पाणी केबिनच्या फटीतून नेमकं त्याच्यावर गळायचं, आणि तो गंजून आट्यांत जाम व्हायचा. आक्कांनी त्याचं नाव 'भावजी' ठेवलं होतं, आपल्या थोरल्या दिरावरून. भर अंगणात मोठ्याने म्हणायच्या, "भावजी काय हलंनात बाई आज." थोरले दीर गल्लीच्या टोकालाच राहायचे. ते त्या दिवशी घराबाहेर पडत नसत.

शंकररावांच्या माघारी पहिल्यांदा भावजी अडले, तेव्हा आक्कांनी गॅरेजमधून मिस्त्री बोलावला होता. त्याला दुसरीकडे जायची घाई. त्याने पाना लावला, पान्याच्या दांड्यात हातभर लोखंडी पाईप घातला, आणि अंगाचा भार टाकला. कडकन आवाज झाला. प्लगचं वरचं डोकं त्याच्या हातात आलं आणि आटे तसेच आत राहिले. वर तो आक्कांनाच म्हणाला, "बाई, आता इंजिनाचं सगळं हेड उतरवावं लागंल. तुमी भाकऱ्या थापायच्या सोडून ह्याच्यात कशाला पडताय?"

मी ओट्यावर पेपर वाचत होतो. आक्कांनी जे तोंड सोडलं त्यात त्या मिस्त्रीच्या घराण्याचा, त्याच्या उस्तादाचा, आणि काही कारण नसताना माझाही उद्धार झाला. मिस्त्री पळाला, पाईप राहिला. तो पाईप खांद्यावर टाकून आक्का भर दुपारी बाजारातून चालत नदीवर गेल्या आणि पात्रात भिरकावून आल्या. परत आल्या तेव्हा चेहरा निवळला होता. हात धुतले, आणि तुटलेल्या आट्यांवर थेंब थेंब रॉकेल सोडत बसल्या. मध्येच स्वयंपाक, मध्येच पुन्हा रॉकेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका जुन्या चौकोनी कानशीचं शेपूट त्या भोकात हलक्या हाताने ठोकून बसवलं, ते पान्यात धरलं आणि फिरवलं. कणभर उलटं, कणभर सुलटं. बऱ्याच वेळाने आटे मुकाट बाहेर आले. मग त्यांनी मला हँडल मारून इंजिन फिरवायला लावलं आणि आत पडलेला कचरा इंजिनाच्याच फुंकरीने बाहेर काढला. माझी कंबर चार दिवस धरली होती, त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

त्या दिवसापासून आक्कांचा नियम ठरला. आधी भांडण, मग प्लग. मी एकदा चिडून विचारलं, "आक्का, तुमच्या ट्रकला प्लग बसवायचा तर मला शिव्या कशाला?"

"हातात राग ऱ्हायला की लोखंड वळखतंय, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "मग आटं जात्यात. राग माणसावं काढावा. माणूस न्हाई मोडत, पिलग मोडतोय."

"मग दरवेळी मीच का?"

"तुमी उलटं बोलताय. गप बसणाऱ्याशी भांडून राग जात न्हाई, वाढतोय."

ही माझी लायकी. पण भांडून झाल्यावर त्या बाईचे हात बघावेत. इंजिन जरासं गरम करून बंद करायच्या. सायकलच्या पंपाने प्लगच्या भोवतीची माती उडवायच्या, म्हणजे ती भोकात पडायला नको. रॉकेलमध्ये थोडं ऑइल कालवून कडेने सोडायच्या. पान्यावर हातोडीने टिचक्या, मग कणभर फिरवणं. कुरकुर ऐकू आली की परत घट्ट करायच्या, परत रॉकेल, परत कणभर. सकाळी माझ्या सात पिढ्या खाली आणणारी बाई दुपारी भावजींपुढे बसून हळू आवाजात म्हणायची, "या. या भाईर. कुनी मारत न्हाई तुमास्नी." माझ्याशी त्या आवाजात त्या कधी बोलल्या नाहीत.

एकदा वऱ्हाड घेऊन पासलीला निघालो होतो, भोरलाच राहणाऱ्या त्यांच्या भाच्याचं लग्न, मुलगी पासलीची. आम्हालाही आमंत्रण होतं. वेल्हे सोडलं आणि चढावर ट्रकने उचक्या द्यायला सुरुवात केली. मुहूर्त जवळ आलेला. नवरदेव मुंडावळ्या सावरत केबिनमध्ये बसलेला, मागे बायका, पोरं, वाजंत्री. गणपतने बोनेट उघडलं, आक्का पाना घेऊन उतरल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या. सकाळपासून लग्नघरात त्यांचं सगळ्यांशी गोडीत चाललं होतं, पण ट्रक अडल्यावर त्यांचा पारा चढला होता, आणि भांडायला कारण सापडेना. मी माझी मान पुढे केली. म्हणाल्या, "तुमी नको. तुमी पावणं हाय आज."

शेवटी त्या मागे गेल्या आणि नवरदेवाच्या मामाला खाली उतरवलं. मामाने नवा कडक फेटा बांधला होता. "हा असला फेटा घालून मानसं लग्नाला येत्यात का इलेक्शनला?" इथून जी सुरुवात झाली ती मामाच्या बहिणीच्या लग्नात कमी पडलेल्या बुंदीपर्यंत पोचली. मामाही तयारीचे. सगळं वऱ्हाड ट्रकमध्ये उभं राहून ऐकत होतं. भांडण रंगात आलं असताना आक्का मध्येच थांबल्या, "झालं," म्हणाल्या, आणि जाऊन चौथा प्लग बदलला. मामा पुढचा मुद्दा तोंडात घेऊन तसेच उभे. मुहूर्त गाठला. मामांनी मात्र जेवणात बुंदीला हात लावला नाही.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण खरं म्हणजे पुढचं आठवलं की माझं डोकं फिरतं.

शंकररावांच्या माघारी ट्रक कोणाच्या तरी नावावर करायचा होता. बाईमाणसाच्या नावावर ट्रक कशाला, असं दीर म्हणाले, गल्ली म्हणाली, आणि आश्चर्य म्हणजे आक्काही तेच म्हणाल्या. जगाशी भांडणारी बाई इथे भांडली नाही. "सुरेसच्या नावावं करा. ल्योक आन् म्या काय येगळं हाय का?" आमच्याकडे बाईने राबायचं आणि कागदावर पुरुषाचं नाव घालायचं, यात आजही कुणाला काही खुपत नाही. मला खुपतं. कोर्टात रोज त्याची फळं बघत आलोय म्हणून जास्तच खुपतं.

सुरेश मोठा झाला, शिरवळला कारखान्यात लागला. तोपर्यंत पासलीकडे बरे रस्ते झाले होते, डिझेलचे टेम्पो घरोघर आले होते. ट्रकला काम कमी झालं होतं हे खरं. पण ट्रक चालू होता. हे मी मुद्दाम सांगतोय. चालता होता. एका पावसाळ्यात आक्का भातलावणीला भावाकडे पासलीला गेल्या, आणि इकडे सुरेशने ट्रक विकला. भंगारात विकला असता तर एक वेळ समजू शकलो असतो. त्याने विकला पानशेतच्या एका हॉटेलवाल्याला. पुण्याहून सुट्टीला येणाऱ्या लोकांना फोटो काढायला दारात काहीतरी हवं होतं. गणपतला पटत नव्हतं, पण मालकाने सांगितलं म्हणून त्यानेच तो चालवत पानशेतला नेऊन दिला.

आक्का परत आल्या तेव्हा अंगणात ऑइलचा काळा डाग तेवढा होता. ट्रक गेला की अंगणात ऊन येईल असं मी वर्षानुवर्षं म्हणत होतो. ऊन आलं. त्या उन्हाकडे बघून मला संताप यायचा.

सुरेशवर त्या ओरडल्या, खूप ओरडल्या. तो मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "अगं आई, त्याला काय इतकं?" तो उलट बोलला नाही. गप बसणाऱ्याशी भांडून राग जात नाही, हे आक्कांनीच मला सांगितलं होतं. त्या माझ्याकडे आल्या. कायद्याने काही होतं का, विचारलं. काही होत नव्हतं.

मग त्या गणपतला घेऊन पानशेतला गेल्या, आणि मलाही ओढून नेलं. गणपत तोवर दुसऱ्याचा टेम्पो चालवायला लागला होता. हॉटेलसमोर आपला ट्रक. पिवळाधमक रंग, त्यावर सूर्यफुलं काढलेली. हौद्यात बाकं टाकली होती आणि शहरातली माणसं तिथे बसून पिठलं-भाकरी खात होती. आक्का हौद्याला हात लावून म्हणाल्या, "उतरा खाली. हितं शेणखत भरायचो आमी." दोघीतिघींनी ताटं खाली ठेवली. हॉटेलवाला धावत आला. गोड बोलणारा माणूस. अशा माणसांचा मला जन्मजात तिटकारा आहे. आक्कांनी त्याचा सगळा पाणउतारा केला, आणि तो आपला हसतोय. चार गिऱ्हाईकं जमलेली बघून तो म्हणाला, "काकू, एवढा जीव आहे ना तुमचा? चालू करून दाखवा आणि घेऊन जा. शब्द देतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याला ती गंमत वाटली. आक्कांना तो शब्द वाटला.

मी येताना सांगितलं, असल्या शब्दाला कोर्टात कोणी विचारत नाही. "तुमच्या कोर्टात मानसं खोटंच बोलाय येत्यात," त्या म्हणाल्या, "ह्यो चारचौघांत बोललाय." त्याच दिवशी त्यांनी बोनेट उघडून बघितलं होतं. बॅटरी नव्हती, वायरी तोडल्या होत्या, कार्बुरेटर कोणीतरी लंपास केला होता. पण इंजिन होतं. "पिलग निघत्यात तवर इंजिन जित्तं," त्या म्हणाल्या. "पिलग जाम झालं की मंग ते निस्तं वजन."

तेव्हापासून दर दिवाळीनंतर त्यांची पानशेतची फेरी सुरू झाली. आधी हॉटेलवाल्याशी यथासांग भांडण. मग पदर खोचून, पंप, रॉकेल, टिचक्या. एकेक प्लग काढायचा, भोकात ऑइल सोडायचं, गणपतने हँडल मारून इंजिन फिरवायचं, आट्यांना ग्रीस लावून प्लग परत बसवायचे. भावजी सगळ्यांत शेवटी. भोवती जमलेले पाहुणे फोटो काढत. हॉटेलवाल्याला फुकटचा खेळ मिळाला होता, त्याने कधी अडवलं नाही. उलट चहा द्यायचा. आक्का तो ओतून टाकायच्या. मधल्या काळात गणपत जुन्या बाजारातून एकेक वस्तू मिळवत होता. वायरी मिळाल्या. फार हिंडल्यावर कार्बुरेटर मिळाला. गणपतने हे सगळं स्वतःहून केलं. गाडी पोचवून आलेल्या हातांना काहीतरी करायचं होतं, असं तो मला म्हणाला.

शेवटच्या वर्षी सगळं जमलं. टेम्पोत बॅटरी, पेट्रोलचा कॅन, कार्बुरेटर, आणि आक्कांच्या मांडीवर धडप्यात बांधलेले नवेकोरे सहा प्लग. वाटेत वेल्ह्याला आम्ही चहा प्यायलो. आक्का मला म्हणाल्या, "उद्यापासून तुमचं ऊन बंद, भाऊसाहेब." मी म्हणालो, "ट्रक पुन्हा अंगणात लावलात तर कोर्टात खेचीन." त्या हसल्या. त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

पानशेतला पोचताच आक्का हॉटेलवाल्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुरुवात केली. त्या दिवशी त्यांना हात अगदी शांत हवे होते, म्हणून भांडणही मोठं हवं होतं. पिवळ्या रंगापासून सूर्यफुलांपर्यंत, त्याच्या पिठल्यापासून त्याच्या बोलण्यापर्यंत काही सोडलं नाही. तो या वेळी हसत नव्हता. मध्येच म्हणाला, "काकू, ऐका तरी." आक्कांनी ऐकलं नाही. "काकू, अहो मी काय सांगतोय," तो पुन्हा म्हणाला. त्यांनी पुन्हा हाणून पाडलं. मी आणि गणपत बॅटरी उतरवत होतो. भांडण संपवून आक्का "झालं," म्हणाल्या, नळावर हात धुतले, पदराला पुसले, आणि बोनेट उघडलं.

आत इंजिन नव्हतं. दिव्यांच्या माळा, मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि गहू भरायची रिकामी पोती कोंबली होती. कापलेल्या नळ्यांची तोंडं दिसत होती.

"उन्हाळ्यात भंगारवाला आला होता," हॉटेलवाला म्हणाला. "आत उंदीर फार झाले होते हो. मी मघापासून तेच सांगत होतो."

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. वयाच्या त्या टप्प्यावर मी कुणाची गचांडी धरीन असं मला वाटलं नव्हतं. गणपतने मला मागे ओढलं, नाहीतर दुसऱ्या दिवशी मी आमच्याच कोर्टात पिंजऱ्यात उभा असतो. ओरडता ओरडता मी आक्कांकडे बघत होतो. मला वाटत होतं, आता त्या बोलतील. आता यांचं तोंड सुटेल आणि हे हॉटेल, हे पिवळं थडगं, ही फोटो काढणारी माणसं, सगळ्यांची राख होईल.

 आक्कांनी वाकून केबिनच्या बाजूला, जिथे भावजी असायचे तिथे हात घातला. तिथे काही नव्हतं. हात बाहेर काढला, बोनेट दोन्ही हातांनी धरून आवाज न करता खाली टेकवलं, आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

वाटभर मी बोलत होतो. फिर्याद करू, नोटीस पाठवू, सुरेशलाही सोडायचं नाही. वेल्ह्याच्या स्टँडवर त्यांनी गणपतला थांबायला सांगितलं. पासलीची एसटी लागली होती. "म्या भावाकडं जाते," त्या म्हणाल्या. धडप्यातले प्लग त्यांनी सीटवरच ठेवले. पाना मात्र हातात होता.

"आक्का, तुम्ही त्याला काहीच का बोलला नाहीत?" मी विचारलं. मला त्यांचाच राग आला होता.

"काय बोलनार, भाऊसाहेब?" त्या म्हणाल्या. "समदा राग आदीच काढून बसले व्हते म्या. श्यावटी काय उरलंच न्हाई."

एसटीत त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. मांडीवरचा पाना त्या हाताने जरासा पुढे, जरासा मागे फिरवत होत्या. गाडी निघाली. त्या पासलीहून परत भोरला राहायला आल्या नाहीत, आणि दोन पावसाळ्यांनंतर तिकडेच वारल्या.

पण त्या एसटीच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. सकाळी बायकोने सवयीने चहाचं आधण जास्त ठेवलं होतं. तो जास्तीचा चहा मीच प्यायलो. मग उठलो, आणि सुरेशच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो दात घासत होता. मी तासभर त्याच्याशी भांडलो. तो मान खाली घालून ऐकत राहिला, एक शब्द उलटा बोलला नाही. भांडून घरी आलो, ओट्यावर बसलो, आणि समोरच्या रिकाम्या अंगणात पसरलेलं ऊन बघत राहिलो. हातातला राग तसाच होता.